मांडलेला डाव आणि मांडून ठेवलेला डाव

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. प्रश्नोत्तरांपैकी दोन प्रश्न शेवटी घेतले आहेत.)

आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल की, तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस कपाटांवर काय बोलणार. पण मी कपाटांवरच बोलणार आहे. घरात जुने खेळ जमवणारे, ते हौसेनं दाखवणारे लोक आता बरेच झाले आहेत. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्याच्या भिंतीवर गंजिफाची गोल पानं चौकटीत बसवलेली दिसतात. टीपॉयच्या काचेखाली सारीपटाचं कापड पसरलेलं असतं. सोंगट्या एका पितळी वाडग्यात, शेजारी कवड्या. वरून पिवळसर दिव्याचा झोत. पाहुणा आला की यजमान म्हणतात, "हे आमच्या पणजोबांचं." पाहुणा म्हणतो, "वा!" आणि चहा येतो.

यात वाईट काय, असं तुम्ही विचाराल. सुरेखच दिसतं ते. माझी तक्रार सौंदर्याबद्दल नाहीये. मला विचारायचंय ते असं की, तिथे जे ठेवलंय तो खेळ आहे का?

आपल्या भाषेत याला एक फार छान शब्द आहे, आणि मला वाटतं सगळा घोटाळा त्या शब्दातच दडलाय. शब्द आहे 'मांडणे'. आपण डाव मांडतो, पट मांडतो, भातुकली मांडतो. स्वयंपाकघरात भांडी लावायची फळी असते तिलाही मांडणीच म्हणतात. प्रदर्शनातही वस्तूंची मांडणी असते. म्हणजे खेळायला बसणं आणि बघायला ठेवणं या दोन्हींसाठी मराठीनं एकच क्रियापद ठेवलं. पण बारकाईनं ऐका. 'डाव मांडला' म्हटलं की पुढे 'डाव मोडला' हे येणारच असतं. मांडलेला डाव हा मोडण्यासाठीच असतो. तो रंगतो, उधळतो, अर्धवट राहतो, पुन्हा मांडला जातो. काचेमागे जे असतं ते मांडलेलं नसतं, 'मांडून ठेवलेलं' असतं. या 'ठेवलेलं'नं सगळा अर्थ फिरवला. मोडण्याची शक्यताच काढून घेतली. ज्याला मोडता येत नाही तो डाव कसला?

आता हे नुसतं शब्दांशी खेळणं वाटू नये म्हणून गंजिफाच घेऊ, कारण सर्वांत जास्त तीच चौकटीत जाते. आपल्याकडच्या दशावतारी गंजिफात १२० पानं. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात १२ पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत. मोगली गंजिफा ९६ पानांची, आठ रंगांची. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. शाह हसनला ती आवडायची म्हणून पाठवली, खेळायला. भिंतीवर लावायला नव्हे.

खेळायची पद्धत बघा. निम्म्या रंगांत राजा-प्रधानाखाली दहा सर्वांत वर आणि एक्का तळाला. उरलेल्या निम्म्या रंगांत नेमकं उलट, एक्का वर, दहा तळाला. हे ध्यानात ठेवायचं. शिवाय दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे राम तो सुरुवात करणार, रात्री खेळत असाल तर ज्याच्याकडे कृष्ण तो. मला ही गोष्ट विलक्षण वाटते. पानं वाटली की आधी खिडकीतून बाहेर बघायचं: दिवस आहे की रात्र? बाहेरचं आकाश खेळाचा भाग झालं. आता आपला तो चौकटीतला राम आणि त्याच्या शेजारचा कृष्ण आठवा. त्यांच्यावर चोवीस तास एकच दिवा. तिथे दिवसही होत नाही आणि रात्रही होत नाही. मग सुरुवात कोणी करायची?

आणि 'हुकूम'. आजच्या पत्त्यांत हुकूम म्हणजे सगळ्यांना मारणारा रंग. गंजिफात तसा रंग नाही. एखाद्या रंगात आत्ता, या घटकेला, जे पान सर्वांत वरचं उरलंय ते हुकूम. राजा पडून गेला की प्रधान हुकूम, प्रधान गेला की त्याच्या खालचं. म्हणजे माझ्या हातातल्या पानाची किंमत त्या पानावर छापलेली नाही. काय काय खेळून गेलं यावर ती ठरते, आणि काय गेलं हे मला आठवायला लागतं. तिघं बसले तर प्रत्येकी ४० पानं हातात. त्यात १२० पानांचा हिशेब डोक्यात. आमच्या आजीच्या पिढीतल्या, शाळेचं तोंड न बघितलेल्या बायका हा हिशेब करायच्या, हे मी ऐकीव सांगत नाही, पाहिलंय. चौकटीतलं पान कधी हुकूम होऊच शकत नाही, कारण तिथे काही खेळून जातच नाही.

व्हिट्गेनस्टाइन नावाचा तत्त्वज्ञ, त्याच्या १९५३ साली, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक साधं उदाहरण देतो. बुद्धिबळाचा राजा एखाद्याला दाखवून तुम्ही म्हणालात, "हा राजा", तर त्यानं नेमकं काय शिकलं? ज्याला खेळ काय असतो, सोंगटी काय असते हे आधीच ठाऊक आहे त्याला काहीतरी कळलं. बाकीच्याला फक्त एका लाकडी आकाराचं नाव कळलं. आपल्या दिवाणखान्यातलं 'हे आमच्या पणजोबांचं' हे वाक्य बरोबर त्या जातीचं आहे. मी अशा एका घरी यजमानांना विचारलं होतं, यातला वामन कुठला? ते उठून जवळ गेले, चष्मा लावला, आणि मागे छापील चिठ्ठी आहे का ते बघायला चौकट उलटी करू लागले. भले गृहस्थ. पण पणजोबांची वस्तू त्यांच्याकडे आली होती, पणजोबांचा खेळ आला नव्हता.

आता विरुद्ध बाजूचा एक खरा वजनदार माणूस घेऊ. वाल्टर बेन्यामिन, जर्मन विचारवंत, स्वतः पुस्तकांचा संग्राहक. संग्राहकाची बाजू त्याच्याइतकी मनापासून कोणी मांडलेली नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, संग्राहक वस्तूला तिच्या उपयोगाच्या जोखडातून सोडवतो. दौत हा दौत म्हणून राबत नाही, तो नुसता असतो. अडकित्त्याला सुपारी कातरावी लागत नाही. हे मला पटतं. पुण्यात शुक्रवार पेठेत दिनकर केळकरांनी जे संग्रहालय उभं केलं, आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं, ते याच दृष्टीचं काम आहे. दिवे, अडकित्ते, दौती, वज्र्या. घरगुती वापरातून सुटलेल्या वस्तूंना त्यांनी मान दिला. एका माणसाच्या घरी सुरू झालेला संग्रह १९७५ साली सरकारकडे सुपूर्द झाला. त्यांचं ऋण आहेच.

पण बेन्यामिनचा युक्तिवाद खेळाला लावून बघा, तो तिथे अडतो. खेळाला उपयोगाचं जोखड होतंच कुठे? सोंगटी कोणाच्या कामाची कधी नव्हती. मुक्त वस्तूला मुक्त करायचं म्हणजे काय करायचं? तिला बांधायचंच! अडकित्ता काचेमागे गेला तर सुपारीपासून सुटला. गंजिफा काचेमागे गेली तर खेळापासून सुटली, आणि खेळापलीकडे तिला काही नव्हतंच. संग्रहालयाची रीत अडकित्त्याला शोभते म्हणून ती सोंगटीलाही शोभेल असं नाही. आपल्या घरगुती संग्राहकांनी मात्र संग्रहालय हाच एकमेव नमुना डोळ्यांपुढे ठेवलाय. त्यातही संग्रहालयाची शिस्त घेतली नाही, फक्त काच आणि दिवा घेतला.

थोडं न्यायानंही बोललं पाहिजे. सावंतवाडीची गंजिफा आज आहे ती बऱ्याच अंशी राजघराण्यामुळे. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, ही कला जाणणारे जुने कारागीर जवळजवळ संपत आले असताना, पुंडलिक चितारी यांच्याकडून ती समजून घेऊन राजवाड्यात काम सुरू ठेवलं. रुडॉल्फ फॉन लायडन, मुंबईत राहिलेले कलासमीक्षक, यांनी गंजिफा जमवली आणि तिच्यावर लिहिलं म्हणून जगाला ती कळली. आणि हे कारागीर जगले ते कोणाच्या पैशावर? खेळणाऱ्यांच्या नव्हे. बघणाऱ्यांच्या. घरात लावायला नेणाऱ्यांच्या. ज्या चौकटीवर मी इतका वेळ बोलतोय तिनेच चिताऱ्याची चूल पेटती ठेवली हे नाकारलं तर ते कृतघ्नपणाचं होईल. मात्र याची किंमत काय झाली तेही बघा. चित्र वाचलं, खेळ गेला. आज गंजिफा रंगवू शकणारी माणसं सावंतवाडीत भेटतात. १२० पानं वाटून डाव शेवटपर्यंत नेणारी चार माणसं तुमच्या गल्लीत जमवून दाखवा.

आता कपाटाकडे येतो. तुम्ही म्हणाल, निदान काचेमागे वस्तू सुरक्षित तरी राहते. नाही राहत. जुनं पान म्हणजे कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलेले, वर रंग, वर लाखेचं रोगण. यातली खळ हे कसरीचं आवडतं खाद्य. रंग उजेडानं उडतो, आणि उडालेला रंग परत येत नाही. कागदावरच्या, जलरंगातल्या कामासाठी संग्रहालयं साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड देत नाहीत, आणि तोही ठरावीक काळच. आपल्या दिवाणखान्यात खिडकीजवळ दिवसा याच्या कितीतरी पट असतो. लाख उन्हानं मऊ होते. पानं एकावर एक दाबून ठेवली तर एकमेकांना धरतात, सोडवायला गेलं की वरच्याचं चित्र खालच्याच्या पाठीवर. आणि कोकणातल्या पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या चौकटीच्या मागे काय चालतं ते एकदा चौकट उतरवून बघा. बुरशीचा वास आधी येईल.

याउलट आपल्या जुन्या माणसांनी काय केलं? गंजिफाला सरकत्या झाकणाची रंगवलेली लाकडी पेटी दिली. पेटीत अंधार, धूळ नाही, आणि पानं मोजून भरली की एखादं हरवलं तर लगेच कळणार. सारीपट कापडाचा, गुंडाळून ठेवायचा. घडी घातली तर घडीवर झिजतो, म्हणून गुंडाळी. पोथ्या लाल कापडाच्या बासनात, जवळ वेखंडाचा तुकडा. 'बासनात गुंडाळलं' हे आपण एखादं प्रकरण कायमचं बाजूला टाकलं या अर्थानं बोलतो. पण अहो, शेकडो वर्षं पोथ्या टिकल्या त्या बासनामुळेच. आणि बासन सुटतं! दोन गाठी सोडल्या की पोथी हातात. काचेच्या चौकटीला मागे खिळे असतात.

तेव्हा माझं साधं म्हणणं असं की, जुना खेळ पेटीत ठेवा. सुती कापड, कोरडी जागा, बाहेरच्या भिंतीला न लागणारं कपाट, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघणं. रबरबँड लावू नका. तो काही वर्षांत वितळतो आणि पानाला कायमचा डाग देतो. प्लास्टिकच्या चिकट पिशव्या नकोत. डांबरगोळ्या प्लास्टिकच्या सोंगट्या असलेल्या डब्यात टाकू नका, त्या वाफेनं प्लास्टिक खराब होतं. सेलोटेप तर कशालाच लावू नका. एवढं पुरे, याहून जास्त सांगायला मी जाणकार नाही.

दाखवायचंच असेल तर? मोक्षपट खुशाल लावा. त्याची गोष्ट निराळी आहे. तिथे घराघरावर नावं लिहिलेली असतात, शिडी कुठून कुठे जाते, साप कुठे गिळतो, ते वाचण्यासारखं असतं. तो पट जितका खेळायचा तितकाच वाचायचा, त्यामुळे भिंतीवरही तो निम्मा जिवंत राहतो. मात्र मूळ पट लावण्यापेक्षा त्याची चांगली छापील प्रत लावा. बुद्धिबळाच्या पटावर एखाद्या खऱ्या डावातली स्थिती मांडून ठेवली तर तेही चालेल, कारण बघणारा जाणता असेल तर तो थांबतो आणि मनात पुढची खेळी करतो. पण बहुतेक घरांत प्यादी आणि मोहरी उंचीनुसार लावलेली असतात. शाळेच्या फोटोसारखी!

एका गोष्टीकडे कोणाचंच लक्ष जात नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकातला व्यापाराचा डबा, लुडोचे पुठ्ठे, कॅरमच्या सोंगट्यांची पत्र्याची डबी. ते घरं रिकामी करताना रद्दीत जातं, किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात सुटं सुटं पोचतं. पुठ्ठा आणि छपाई, यात जपण्यासारखं काय? पण व्यापाराच्या डब्याचं झाकण उलटं करा. पेन्सिलीनं लिहिलेला हिशेब असतो. कोणाकडे किती उधारी, कोण दिवाळखोर, आणि घरचे नियम: 'तुरुंगात असताना भाडं नाही', 'बाळूला दोन वेळा माफ'. हे नियम कंपनीच्या कागदावर नव्हते. ते त्या घरानं केले होते. विक्रेता म्हणतो, झाकणावर लिहिलंय म्हणून किंमत कमी. माझ्या हिशेबी तेच झाकण आधी जपलं पाहिजे. कोरा डबा जिथे तिथे सारखाच, हा डबा एकाच घरात होता.

आता काही उत्साही मंडळी दुसऱ्या टोकाला जातात. म्हणतात, सगळं बाहेर काढा आणि खेळा, हेच खरं जतन. मला हे भाबडं वाटतं. लाखेचे टवके उडतात, मुलांचे हात चिकट असतात, दीडशे वर्षांचं पान एका सुट्टीत संपेल. त्यांनाही माझा विरोध आहे. आपण विसरतो की, खेळाच्या बाबतीत मूळ आणि प्रत हा भेद चित्रासारखा नसतो. चित्राची प्रत म्हणजे खोटं चित्र. पण नव्या पानांवर खेळलेली गंजिफा ही खोटी गंजिफा नव्हे, ती तितकीच खरी गंजिफा. सावंतवाडीहून नवा संच आणा आणि तो हाताळा, मळवा. जुना पेटीत राहू द्या. लोक आज नेमकं उलटं करतात: जुनं उजेडात झिजवतात आणि नवं घेतलं तर तेही चौकटीतच.

आणि पेटीत आणखी एक गोष्ट हवी, ती म्हणजे खेळायचं कसं याचा कागद. पुस्तकातून उतरवलेला नको. तुमच्या घरात, तुमच्या गावात कसं खेळायचे ते. आपण 'त्याचे पौबारा झाले' म्हणतो. तीन फाशांवर सहा, सहा आणि एक पडले की पौबारा, हे किती जणांना ठाऊक आहे? सोंगटी मारली, फासे उलटे पडले, डाव रंगला, पट उधळला. भाषेनं शब्द तेवढे मांडून ठेवले, खाली खेळ उरला नाही. वेरूळच्या २१व्या लेण्यात शिवपार्वती सारीपाट खेळतायत, जेजुरीच्या खंडोबाच्या कथेत म्हाळसेबरोबरच्या सारीपाटातूनच देवाला घर सोडून बाणाईकडे जावं लागतं. देवांना जो खेळ येत होता तो आपल्या नातवंडांना येत नाही.

तुमच्या घरात, ओळखीत, ऐंशीच्या पुढचं जे माणूस असेल, काकू, मामी, आत्या, त्यांच्यापुढे पट पसरा. मुलाखत घेऊ नका, मुलाखतीत माणसं पुस्तकी बोलतात. खेळायला बसवा आणि मोबाइल वरून हातांवर रोखून ठेवा. तोंडानं आठवत नाही ते हातांना आठवतं. "आता काय करायचं?" विचारलं तर त्या म्हणतील, "अगं, विसरले बाई." आणि कवड्या हातात दिल्या की बरोबर खुळखुळवून टाकतील, चुकीची सोंगटी हलवलीत तर तुमचा हात धरतील. तो धरलेला हात म्हणजे नियम. मी हे काम फार तातडीचं समजतो. या पिढीतली माणसं दर वर्षी कमी होतायत.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: आमच्याकडे हस्तिदंती सोंगट्या आहेत, आजोबांच्या काळापासूनच्या. त्या विकाव्यात का?

विकता येणार नाहीत. आपल्याकडे हस्तिदंताचा व्यापार कायद्यानं बंद आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्या. वस्तू जुनी आहे म्हणून सूट मिळते असं समजू नका. ती जवळ ठेवण्याचे कागद काय लागतात हे वन खात्याकडे नीट विचारून घ्या. आणि १०० वर्षांहून जुन्या कलावस्तूंना पुरावस्तूंचा वेगळा कायदा लागतो, तोही १९७२ चाच. मुलगा परदेशात आहे म्हणून त्याच्या सामानात टाकून पाठवली, असं करू नका. अशा सोंगट्या पेटीत ठेवून खेळायला लाकडी घ्या.

प्रश्न: सर, आमच्या सारीपटाच्या १६ सोंगट्यांपैकी एक हिरवी हरवली आहे. संग्रह करणारे म्हणाले, आता त्याला काही किंमत नाही. फेकून द्यावा का?

सोस्यूर नावाचे भाषाशास्त्रज्ञ होते. त्यांची व्याख्यानं १९१६ साली पुस्तकरूपानं निघाली. त्यात ते म्हणतात, बुद्धिबळातला घोडा हरवला तर दुसरी कुठलीही वस्तू त्याच्या जागी ठेवा, दिसायला घोड्यासारखी नसली तरी चालेल. तिला घोड्याची चाल दिली की ती घोडाच. संग्रह करणाऱ्यांच्या दृष्टीनं तुमचा संच तुटला, हे खरं आहे, त्यांचा बाजार तसाच चालतो. खेळाच्या दृष्टीनं काहीही तुटलेलं नाही. एक हिरवी बांगडी फुटलेली असेल घरात, तिचा तुकडा घ्या. धार मात्र घासून काढा. आणि पेटीतल्या कागदावर लिहून ठेवा की सोळावी सोंगटी बांगडीची आहे, नाहीतर पुढचा कोणी साफसफाईत कचरा म्हणून टाकून देईल.